आधी अस्वल, मग त्याची टोपी

लहान मुलांच्या पुस्तकांचं कपाट उघडलं की प्राणीच प्राणी बाहेर पडतात. ससा दात घासतोय, अस्वलाला झोपायचं नाहीये, पाणघोडा खेळणी वाटून घ्यायला शिकतोय, जिराफाला आपल्या लांब मानेची लाज वाटतेय आणि शेवटच्या पानावर ती वाटेनाशी होतेय. यातली चार-पाच पुस्तकं ओळीने वाचून काढली, तरी ससा काय खातो, अस्वल थंडीत काय करतं, पाणघोडा दिवसभर पाण्यात का बसून असतो, याचा पत्ता लागत नाही. कपाटभर प्राणी, आणि प्राण्यांविषयी अवाक्षर नाही.

यावरून मोठ्यांमध्ये दोन तट पडतात. एक म्हणतो, मुलांना खरं तेच द्यावं, बोलणारे प्राणी म्हणजे निव्वळ दिशाभूल. दुसरा म्हणतो, मुलांच्या कल्पनाशक्तीच्या आड येऊ नका, अस्वल बोलत नाही हे पोरालाही कळतं. मला दोन्ही बाजू अर्ध्याच पटतात. माझं म्हणणं क्रमाबद्दल आहे. जो प्राणी मुलाने डोळ्यांनी पाहिलाय, ज्याच्या अंगावरून हात फिरवलाय, ज्याला घाबरून ते कोणाच्या तरी मागे लपलंय, त्याला पुस्तकात खुशाल टोपी घाला, चष्मा लावा, हवं तर राजा करा. पण जो प्राणी मुलाला पहिल्यांदा पुस्तकातच भेटणार आहे, तो आधी त्याच्या स्वतःच्या कातडीत भेटला पाहिजे. ओळख आधी, सोंग मागून.

तीन वर्षांच्या मुलाला ‘कुत्रा म्हणाला, म्याव’ असं वाचून दाखवा. ते खदखदून हसतं, कारण कुत्रा काय म्हणतो हे त्याला पक्कं ठाऊक असतं. आता त्याच मुलाला ‘खवल्या मांजर म्हणालं, चल, आपण बागेत खेळू’ असं वाचून दाखवा. मूल मान डोलावतं. हसण्यासारखं किंवा दचकण्यासारखं त्यात त्याला काहीच नसतं. खवल्या मांजर नावाचं काहीतरी जगात आहे, ते बोलतं आणि बागेत खेळतं, एवढी नोंद त्याच्या डोक्यात होते. ते मुंग्या आणि वाळवी खातं, त्याला दात नसतात, घाबरलं की अंगाचं मुटकुळं करतं, हे पुढे कधी कळलं तर कळलं. विपर्यासाची मजा घ्यायलाही आधी मूळ माहीत असावं लागतं.

हा केवळ माझा कयास नाही. टोरांटो विद्यापीठातल्या पॅट्रिशिया गॅनिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. तीन ते पाच वर्षांच्या मुलांसाठी त्यांनी मुद्दाम अनोळखी प्राणी निवडले होते: गिनीपिगच्या कुळातला कॅव्ही, मोठ्या जनावरांच्या अंगावर बसून गोचिडी टिपणारा ऑक्सपेकर पक्षी, आणि हातासारख्या परांवर समुद्राच्या तळाशी चालणारा हँडफिश. काही मुलांना या प्राण्यांचं सरळ वर्णन ऐकवलं, तर काहींना तेच प्राणी माणसांसारखे बोलता-वागताना ऐकवले. मग प्रश्न विचारले. बोलणारे प्राणी ऐकलेल्या मुलांचा कल खऱ्या प्राण्यालाही माणसाचे गुण चिकटवण्याकडे दिसला. त्यातल्या लहानग्यांनी तर प्राण्याबद्दलची खरी माहितीही कमी उचलली. यात मला महत्त्वाचं वाटलं ते वेगळंच. एका प्रयोगात चित्रं अगदी वास्तव होती, बदलली होती ती फक्त भाषा, आणि तेवढ्यानेही फरक पडला. पुस्तक निवडताना आपण चित्रं बघतो आणि वाक्यांवरून नुसती नजर फिरवतो. तपासायची असतात ती वाक्यं.

त्याच वर्षी अमेरिकेत सँड्रा वॅक्समन आणि सहकाऱ्यांनी पाच वर्षांच्या शहरी मुलांबरोबर केलेल्या प्रयोगात हेच दुसऱ्या अंगाने दिसलं. माणसांसारख्या राहणाऱ्या अस्वलांची गोष्ट आधी ऐकलेली मुलं प्राण्यांबद्दल विचार करताना माणसाला केंद्रस्थानी ठेवत होती. प्राण्यांच्या माहितीचं पुस्तक पाहिलेली मुलं मात्र माणसालाही इतर प्राण्यांच्या पंगतीत बसवत होती.

असे प्रयोग छोटे असतात आणि प्रश्न बहुधा वाचन संपल्या संपल्या विचारलेले असतात. त्यावरून कोणाचं बालपण बिघडलं असं कोणी काढू नये. बोलणाऱ्या प्राण्यांच्या पुस्तकांतूनही मुलं खरी माहिती उचलतात, असं सांगणारे अभ्यासही आहेत. पण ‘पोराला सगळं कळतं’ हे जे आपण बिनदिक्कत म्हणतो, ते कोणत्या प्राण्याबद्दल, हा प्रश्न त्यातून उरतोच. मांजराबद्दल कळतं. हँडफिशबद्दल कुठून कळणार? आणि ही यादी प्रत्येक मुलाची वेगळी असते. एकाच्या दारात बकऱ्या बांधलेल्या असतात. दुसऱ्याने कोंबडीसुद्धा फक्त चित्रात पाहिलेली असते, त्याच्या लेखी कोंबडी आणि झेब्रा सारखेच परके. म्हणून मुखपृष्ठावर छापलेली ‘दोन ते चार वर्षांसाठी’ ही पट्टी मला फारशी कामाची वाटत नाही. मुलाचं वय प्रकाशकाला ठाऊक असेल, त्याची प्राण्यांशी ओळख कुठवर आहे हे वाचून दाखवणाऱ्यालाच ठाऊक असतं.

खऱ्या प्राण्यांच्या पुस्तकात गोष्ट नसते, नुसती माहिती असते, असा एक समज आहे. तो वाईट पुस्तकांमुळे झालाय. ‘हा हत्ती आहे. हत्तीला सोंड असते. हत्ती गवत खातो.’ हे पुस्तक नव्हे, सामानाची यादी झाली, ती ऐकून मूल उठून गेलं तर दोष मुलाचा नाही. पण मगर घ्या. मादी वाळूत किंवा मातीत खड्डा करून अंडी पुरते आणि त्यांची राखण करते. पिल्लं बाहेर यायच्या सुमारास अंड्यांच्या आतूनच आवाज करू लागतात. तो ऐकून आई माती उकरते, पिल्लांना तोंडात घेते आणि पाण्यात नेऊन सोडते. लिहिणाऱ्याला पान कुठे उलटेल याचं भान असलं, तर यात वरून काही घालावं लागत नाही. मगर उकरतेय. आतून बारीक आवाज. मगर तोंड उघडते. केवढे ते दात! एक पिल्लू आत. दुसरं पिल्लू आत. तिसरं पिल्लू आत. तोंड मिटलं. आणि पान संपलं.

मुलांना हे वाचून दाखवताना या जागी मी मुद्दाम थांबते. कोणी आपल्याच तोंडावर हात ठेवतं. कोणी चित्रातल्या दातांवर बोट ठेवून झटकन मागे घेतं. मग कोणीतरी हळूच विचारतं, “खाल्लं?” मी उत्तर देत नाही, पान उलटते. पाणी आहे, मगरीचा जबडा उघडा आहे आणि एकेक पिल्लू सुळकन पाण्यात उतरतंय. पुढे तीच मुलं हे पान येण्याआधीच कुजबुजू लागतात, “खात नाही, खात नाही.” वाचून झाल्यावर एक पोर बाहुलीचं मुंडकं दातांत धरून खोलीभर रांगत होतं आणि बाहुलीला जरासुद्धा चावत नव्हतं. सोंगाच्या पुस्तकात प्राणी मुलासारखा होतो. इथे मूल काही वेळ मगर झालं होतं. कल्पनाशक्ती म्हणतात ती यापेक्षा वेगळी असेल असं मला वाटत नाही, आणि ती वास्तवातून आली होती.

असे ऐवज हवे तितके आहेत. सम्राट पेंग्विनचा नर अंडं पायांवर घेऊन, वर पोटाची घडी पांघरून, दोन महिन्यांहून अधिक काळ उपाशी उभा राहतो. २०२२ साली गॉडविट जातीचं एक जेमतेम पाच महिन्यांचं पाखरू अलास्काहून निघालं आणि वाटेत कुठेही न उतरता सुमारे १३,५६० किलोमीटर उडून ११ दिवसांनी टास्मानियात पोहोचलं. त्याच्या पाठीवरच्या इवल्याशा ट्रान्समीटरमुळे हे कळलं. ‘खाली पाणी. अजून पाणी. अजून पाणीच.’ एवढ्या एका ओळीवर आख्खं चित्रपुस्तक उभं राहील. त्या पाखराला आत्मविश्वास कमी असण्याची काही गरज नाही.

इथे संस्कारांचा मुद्दा येतो, कारण प्राण्यांची पुस्तकं विकत घेतली जातात ती बहुतेक वेळा त्यासाठीच. वाटून घ्यावं, खोटं बोलू नये, मोठ्यांचं ऐकावं, आणि हे सगळं ससा-कासव-हत्ती यांच्या तोंडून. म्हणे, मुलांना तसं लवकर पटतं. गॅनिया ज्यात होत्या त्याच गटाने २०१७ साली हे तपासून पाहिलं. चार ते सहा वर्षांच्या मुलांना वाटून घेण्याबद्दलची एक गोष्ट वाचून दाखवली. काहींसमोर तिच्यातली पात्रं कपडे घातलेले प्राणी होते, काहींसमोर तीच गोष्ट माणसांची करून ठेवली होती. वाचनाआधी आणि नंतर, दुसऱ्या मुलाला देण्यासाठी आपल्या स्टिकरांतले किती बाजूला काढतात, हे पाहिलं. माणसांची गोष्ट ऐकलेल्यांनी नंतर जास्त स्टिकर दिले. प्राण्यांची ऐकलेल्यांचं देणं वाढलं नाही, उलट घटलं. गोष्टीतला प्राणी ज्या मुलांना माणसासारखा वाटला, त्यांचा हात मात्र जास्त सैल सुटला. एका अभ्यासावर इमला बांधू नये हे खरं, पण तर्काला हे धरून आहे. वाटून घ्यायला शिकवायचं असेल तर मुलाला मूलच दाखवावं. पाणघोड्याला त्यात कशाला ओढायचं?

त्याला ओढण्याची खरी कारणं प्रकाशकांच्या सोयीची असतात. मूल काढायचं म्हटलं की ते कोणत्या रंगाचं, कोणत्या घरातलं, मुलगा की मुलगी, कपडे कसले, हे ठरवावं लागतं. अस्वल काढलं की सगळे प्रश्न मिटतात आणि तेच पुस्तक दहा भाषांत खपतं. अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठाचं बालसाहित्य केंद्र पुस्तकांतल्या पात्रांची मोजदाद ठेवतं. २०१८ सालच्या पुस्तकांत गोरी पात्रं ५० टक्के होती आणि ‘प्राणी व इतर’ २७ टक्के. बाकीच्या सगळ्या वंशांची, वर्णांची मिळून २३ टक्के. म्हणजे तिथल्या कृष्णवर्णीय, आशियाई, लॅटिन आणि मूलनिवासी अशा सगळ्या मुलांच्या वाट्याला मिळून जेवढी जागा आली, त्याहून जास्त ससे-अस्वलं आणि त्यांच्या मित्रमंडळाला मिळाली. या व्यवहारात दोघांचंही नुकसान होतं. मुलाला पुस्तकात आपलं तोंड दिसत नाही आणि अस्वलाला अस्वल म्हणून जागा मिळत नाही.

मग पंचतंत्राचं काय, असं कोणीतरी विचारणारच. पंचतंत्र हा ग्रंथ थोर आहे, पण त्याची चौकट आठवा. विष्णुशर्मा त्या गोष्टी सांगतो राजाच्या तीन मुलांना, राजनीती शिकवण्यासाठी. तिथला सिंह हा राजा आहे, कोल्हे दरबारी आहेत, आणि कोणावर किती विश्वास टाकावा हा विषय आहे. कट, फितुरी, कान फुंकणं या गोष्टी ज्याने थोड्याफार अनुभवल्यात, शाळेच्या मैदानावर का होईना, त्याला त्यातली धार कळते. ती पुस्तकं आठ-दहा वर्षांच्या मुलांना द्यावीत आणि मनसोक्त द्यावीत. तीन वर्षांच्या मुलासाठी त्यातलं सगळं तिखट काढून टाकलं की हातात राहतो तो एक बोलणारा कोल्हा आणि खाली जाड टाइपात तात्पर्य. याला पंचतंत्र म्हणणं हा विष्णुशर्म्यावर अन्याय आहे.

सोंगाला माझा विरोध नाही, हे म्हणून दाखवण्यापेक्षा सोंग कसं असावं ते सांगते. बिएट्रिक्स पॉटर यांचा निळं जाकीट घातलेला पीटर ससा १९०२ साली पुस्तकरूपात आला आणि अजून छापला जातो. या बाईंनी ससे पाळले होते आणि समोर ठेवून त्यांची चित्रं काढली होती. कवकांचा त्यांचा अभ्यास एवढा होता की १८९७ मध्ये त्यांचा निबंध लंडनच्या लिनियन सोसायटी या निसर्ग-अभ्यासकांच्या संस्थेपुढे मांडला गेला. त्यामुळे जाकिटाच्या आत खरा ससा आहे. माळी मागे लागतो तेव्हा पीटरचे बूट हरवतात आणि तो चार पायांवर पळू लागतो, आणि मग जास्त वेगाने पळतो. पुढे जाकीटही जाळ्यात अडकून राहतं. जीव वाचवायची वेळ आली की सोंग गळून पडतं आणि ससा उरतो. बाप तर आधीच माणसांच्या पोटात गेलेला आहे आणि आई हे मुलांना शांतपणे सांगते. आजच्या किती पुस्तकांतल्या प्राण्यांचे कपडे उतरवले तर आत प्राणी सापडेल? बहुतेकांच्या आत दुसरा सदराच निघेल.

यावरून एक सोपी कसोटी मिळते. गोष्टीतला प्राणी काढून तिथे ‘एक मुलगी’ घालून बघा. काहीच बिघडलं नाही, तर तो प्राणी तिथे फुकट उभा आहे. बिघडलं, म्हणजे बीळ लागतंय, शेपूट लागतेय, रात्री दिसणारे डोळे लागतायत, तर पुस्तक हातात धरून पुढे बघायला हरकत नाही.

पुढे बघायचं ते चित्रांकडे. चित्रातली चूक मोठ्यांच्या नजरेतून सुटते, मुलांच्या सुटत नाही, कारण मुलं मोजतात. कोळ्याला सहा पाय काढलेले असतात. मुंगीचे सहाही पाय शरीराच्या मधल्या भागातून निघतात, पुस्तकात ते मागच्या फुगीर भागाला चिकटवलेले असतात. पेंग्विन आणि पांढरं अस्वल एकाच बर्फावर गळ्यात गळे घालून बसतात, वास्तविक एकाचं घर दक्षिण गोलार्धात आणि दुसऱ्याचं उत्तर ध्रुवाजवळ. बैलाला आचळं काढलेली मी पाहिली आहेत. नांगर ओढून वर दूधही द्यायचं, म्हणजे बिचाऱ्याचे हालच. अलीकडे यंत्राकडून चित्रं काढून घेऊन झटपट छापलेली पुस्तकंही दिसू लागली आहेत. त्यातल्या वाघाचे पट्टे आणि पंजे जरा निरखून बघावेत, आणि चित्रकाराचं नाव कुठेच नसेल तर पुस्तक खाली ठेवावं.

खलनायकांबद्दलही बोललं पाहिजे. पुस्तकात साप आला की तो कपटीच, लांडगा लबाड, तरस भित्रा आणि फुकट्या. जगातल्या सापांच्या ३,५०० हून अधिक जातींपैकी विषारी सुमारे ६०० आहेत. ठिपक्यांचा तरस म्हणजे सिंहाच्या उष्ट्यावर जगणारा, हा समज प्राणिशास्त्रज्ञ हान्स क्रूक यांनी टांझानियातल्या सेरेंगेटी आणि न्गोरोंगोरोत वर्षानुवर्षं रात्री जागून केलेल्या निरीक्षणांनी खोडून काढला. १९७२ साली त्यांचा ग्रंथ आला. तरस आपली बरीचशी शिकार स्वतः करतात आणि कित्येकदा सिंहच त्यांच्याकडून ती हिसकावतात. त्याला पन्नासहून अधिक वर्षं झाली, बालपुस्तकांतला तरस अजून तसाच दात विचकून हसतोय. ज्या प्राण्याची पहिली ओळखच बदनामीने होते, त्याच्याबद्दल पुढे कुतूहल वाटायला मुलाला बरंच मागे यावं लागतं.

याची उलट बाजू म्हणजे गुळगुळीत मैत्री. सिंह आणि हरीण दोस्त होतात, सगळे मिळून केक कापतात. चार वर्षांचं कोणतंही चौकस मूल विचारतं, मग सिंह जेवतो काय? या प्रश्नाला घाबरणारं पुस्तक मला नको. दोन वर्षांच्या मुलाला शिकार दाखवायची घाई नाही, त्याला बेडकाने माशी गिळलेली पुरते. पण पुढे केव्हातरी कोण कोणाला खातं हे त्याला कळणारच असतं, तर ते मांडीवर बसलेलं असताना, पान हवं तेव्हा मिटता येतं अशा ठिकाणी कळलेलं बरं.

आता वाचनाकडे. पुस्तक मोठ्याने वाचायचं असेल तर ते डोळ्यांनी पारखून चालत नाही. घेण्याआधी चार पानं उभ्या उभ्या मोठ्याने वाचावीत. लोक बघतील, बघू देत. जीभ अडखळली, वाक्याच्या मध्येच श्वास संपला, की समजावं हे पुस्तक कानासाठी लिहिलेलं नाही. भाषांतरित पुस्तकांत हे फार होतं. छापलेलं वाचताना खटकत नाही, बोलताना मात्र प्रत्येक वाक्य लंगडतं. आणि आवाज हवेत. आपल्याकडे वाघ डरकाळी फोडतो, गाय हंबरते, घोडा खिंकाळतो, गाढव रेकतं, कोंबडा आरवतो, पारवा घुमतो, साप फूत्कारतो, मांजर फिस्कारतं. एवढी श्रीमंती असताना पुस्तकातले सगळे प्राणी पानोपानी नुसतं ‘म्हणतात’. कोमेनियस या चेक शिक्षणतज्ज्ञाने १६५८ साली लॅटिन शिकवण्यासाठी जे सचित्र पुस्तक काढलं, मुलांच्या चित्रपुस्तकांत ज्याला बहुधा पहिला मान दिला जातो, त्याची मुळाक्षरंच प्राण्यांच्या आवाजांनी सुरू होतात: कावळा, कोकरू, मग इतर, आणि ‘मुम् मुम्’ करणारं अस्वलही. मुलाच्या तोंडाला आधी आवाज येतो आणि मग शब्द, हे त्याला पुरतं माहीत होतं.

बाकी काही गोष्टी थोडक्यात. अगदी तान्ह्या मुलांसाठी एका पानावर एकच मोठा, खराखुरा दिसणारा प्राणी पुरे. नऊ महिन्यांची मुलं छापलेली वस्तू उचलायला जातात, हे ज्युडी डीलोच यांनी १९९८ मध्ये दाखवलंय, चित्र म्हणजे चित्र हे त्यांना हळूहळू उमगतं. झडपा उघडायच्या, पट्ट्या ओढायच्या पुस्तकांत मजा खूप येते, पण प्राण्यांबद्दल शिकायला ती अडथळाच ठरतात, असं २०१० सालच्या एका अभ्यासात दिसलं. मूल झडप उघडण्यात इतकं दंग होतं की आत कोण आहे हे गौण ठरतं. मजेसाठी एखादं असावं. आणि ‘परत वाच’ म्हटलं की वाचावं. ससेक्स विद्यापीठातल्या जेसिका हॉर्स्ट आणि सहकाऱ्यांनी २०११ साली दाखवलं की नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींत ऐकण्यापेक्षा त्याच त्या गोष्टीत पुन्हा पुन्हा ऐकल्यावर तीन वर्षांच्या मुलांच्या जास्त लक्षात राहतात. म्हणून दहा सुमार पुस्तकांऐवजी दोन अशी घ्यावीत, जी विसाव्यांदा वाचताना आपल्यालाही कंटाळा येणार नाही. कंटाळलेल्या आवाजातली मगर कोणालाच खरी वाटत नाही.

प्रश्न विचारावेत का? विचारावेत. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये दोन-अडीच वर्षांच्या मुलांच्या आईवडिलांना वाचताना मोकळे प्रश्न विचारायला आणि मुलाच्या उत्तरात भर घालायला शिकवलं, आणि महिन्याभरात त्या मुलांची भाषा इतरांच्या पुढे गेली. पण मोकळे प्रश्न म्हणजे ‘आता काय होईल?’, ‘ती का उकरतेय?’ असले. आपण बहुधा ‘हा कोण? याचा रंग कोणता? पाय किती?’ अशी तोंडी परीक्षा घेतो आणि मांडीवरचं मूल बाकावर नेऊन बसवतो. मुलाने विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर तसं सांगावं आणि दोघांनी मिळून शोधावं. खऱ्या प्राण्याच्या पुस्तकाचा हा एक मोठा फायदा आहे: त्याच्याबद्दल शोधता येतं. लाजणाऱ्या जिराफाबद्दल काय शोधणार?

हे सगळं एकट्या आईबापांवर टाकून चालणार नाही. ग्रंथालयांत आणि बालवाड्यांत मुलांच्या पुस्तकांचे खण वयाप्रमाणे लावलेले असतात. त्यात एक खण असा असावा जिथे प्राणी प्राण्यांसारखे वागतात, आणि तो माहितीपुस्तकांच्या जाड ठोकळ्यांशेजारी नको, गोष्टींच्या पुस्तकांतच हवा. पुरस्कार देणाऱ्यांनी चित्रांबरोबर प्राण्याचे तपशीलही जाणकाराकडून पाहून घ्यावेत. प्रकाशकांनी ‘पक्षी’, ‘मासा’, ‘किडा’ यांवर न भागवता कोणता पक्षी, कोणता मासा हे नाव घालावं. मुलांना अवघड नावं झेपत नाहीत ही आपली समजूत आहे. डायनोसॉरची सहा-सहा अक्षरी नावं तीच मुलं घडाघडा म्हणतात.

आणि एक गोष्ट तर जवळजवळ फुकटात होण्यासारखी आहे. बोलणाऱ्या प्राण्यांच्या काही पुस्तकांत हल्ली शेवटी एक पान असतं: या प्राण्याविषयी थोडंसं. बारीक टाइप, रूक्ष चार ओळी, उद्देशून पालकांना. तिथवर पोहोचेतो मूल खाली उतरून पळालेलं असतं. ते पान उचलून पुस्तकाच्या सुरुवातीला आणा, अक्षर मोठं करा, त्या प्राण्याचं एक हुबेहूब चित्र किंवा छायाचित्र लावा आणि त्या चार ओळी मोठ्याने वाचता येतील अशा लिहा. मग दुसऱ्या पानावर खवल्या मांजराला हवा तो कोट घाला, मुलालाच तो सगळ्यात आधी विजोड दिसेल.